आमच्या वेबसाइटवर चोरण्यासारखं आहेच काय!

परवा एका जुन्या, नामवंत संस्थेच्या व्याख्यानमालेची तारीख बघायला मोबाइलवर गुगल केलं, तर व्याख्यात्यांच्या जागी इंडोनेशियन जुगाराची चक्रं फिरायला लागली. कार्यालयाला कळवलं. उत्तर आलं, "आमच्याकडे तर व्यवस्थित दिसतंय. तुमच्याच फोनमध्ये व्हायरस असेल." इतकी निश्चिंती सहजासहजी येत नाही, त्यामागे वर्षांची साधना असते. आपल्याही संस्थेला ती साधावी म्हणून थोडं मार्गदर्शन.

पहिली गोष्ट, वेबसाइट हा कार्यक्रम समजा. पाहुणे बोलवा, माउसच्या क्लिकने लोकार्पण करा, फोटो छापून आणा, की झालं. शाल-श्रीफळाची तरतूद अंदाजपत्रकात असू द्या. देखभालीच्या खर्चाचा विषय कुणी काढलाच तर 'पुढील वर्षी विचार व्हावा' असं इतिवृत्तात लिहून मोकळे व्हा.

काम अध्यक्षांच्या भाच्याला द्या. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्याच्या कॉलेजच्या काळातल्या ईमेलवर; होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, त्याच्या कार्डावर. पुढे तो मेलबर्नला जाईल आणि नूतनीकरणाची स्मरणपत्रं त्या बंद ईमेलवर येत राहतील. डॉट ऑर्गचं डोमेन मुदत संपून रद्द झालं की सोडवून घ्यायला तीस दिवस मिळतात, त्यानंतर पाच दिवसांनी ते कुणालाही खुलं. वर्तमानपत्रांनी आणि विद्यापीठांनी इतकी वर्षं तुमच्या पत्त्याला लिंका दिलेल्या असल्यामुळे गुगलच्या लेखी त्याची पत मोठी असते, आणि सट्टेवाले अशा पत्त्यांवर टपूनच बसलेले असतात. हॅक करण्याचेही कष्ट त्यांना नकोत.

युजरनेम 'ॲडमिन' ठेवा. पासवर्ड संस्थेचं नाव आणि पुढे स्थापनेचं साल. विसरलात तर मुखपृष्ठावर बोधचिन्हाखाली दोन्ही लिहिलेलं आहेच.

ओटीपीची भानगड नको.

माजी चिटणिसांचं लॉगिन काढू नका, त्यांना वाईट वाटेल.

थीम, म्हणजे साइटचं तयार रूपडं, विकत कशाला घ्यायची? पन्नास-साठ डॉलरची थीम टेलिग्रामवर फुकट मिळते. कुणी परका माणूस दुसऱ्याच्या थीमचं लायसन्स तोडून ती तुम्हाला फुकट देतो, ती काय निव्वळ समाजसेवा म्हणून! तिच्या 'फंक्शन्स' फाइलच्या तळाशी न वाचता येणाऱ्या अक्षरांची एक लांबलचक ओळ असते, ती त्याची मजुरी: आत शिरायचं चोरदार. शिवाय लायसन्स नसल्यामुळे अपडेट येत नाहीत, म्हणजे तीही कटकट गेली.

अपडेट हा तर साइट बिघडवण्याचा कटच. तुमची साइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेस सॉफ्टवेअरची किरकोळ सुरक्षा-अपडेट २०१३ पासून आपोआप होतात. ती आठवणीने बंद करा. २०१७ च्या जानेवारीत ४.७.२ ही आवृत्ती आली. आधीच्या दोन आवृत्त्यांत लॉगिन न करताच कुणालाही मजकूर बदलता येत होता. ज्यांनी अपडेट थोपवून धरलं होतं, त्यांच्या पानांवर थोड्याच दिवसांत भलत्यांच्या सह्या झळकल्या. २०२० च्या सप्टेंबरात 'फाइल मॅनेजर' नावाचं, सातेक लाख साइटींवरचं प्लगिन (साइटला जोडायचं जादा सोयीचं सॉफ्टवेअर) असंच निघालं: पासवर्डशिवाय हवी ती फाइल सर्व्हरवर चढवता येत होती. 'आम्ही ते बंद करून ठेवलंय' म्हणणाऱ्यांनाही यात स्थान आहे, कारण बंद केलेल्या प्लगिनच्या फाइली सर्व्हरवर तशाच असतात आणि थेट पत्त्याने उघडतात. काढून टाकणं वेगळं. पण तुम्ही काढू नका, कधीतरी लागेल.

संपर्काच्या फॉर्मवर कॅप्चा, म्हणजे 'मी रोबो नाही'ची परीक्षा, नको, ज्येष्ठांना त्रास होतो. माणसाला न दिसणारा एक रिकामा रकाना ठेवला तर बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, तो भरतो आणि पकडला जातो, यात ज्येष्ठांना काडीचाही त्रास नाही, पण ते करायला पाच मिनिटं लागतात. 'पाठवणाऱ्याला प्रत मिळेल' ही सोय मात्र चालू ठेवा. स्पॅमर ईमेलच्या रकान्यात तिसऱ्याच माणसाचा पत्ता आणि मजकुरात औषधाची जाहिरात टाकतो; ती तुमचा सर्व्हर, तुमच्या नावाने, इमानेइतबारे पोचवतो. मग सर्व्हरचा आयपी पत्ता काळ्या यादीत जातो आणि वार्षिक सभेच्या नोटिसा सभासदांच्या स्पॅममध्ये जाऊन पडतात. गणपूर्ती होत नाही म्हणून रडायचं ते नंतर.

बॅकअप त्याच सर्व्हरवर, तेही पब्लिक फोल्डरमध्ये, 'बॅकअप डॉट झिप' या नावाने. बॉट सगळ्यात आधी तेच नाव मागून बघतात. निराशा नको त्यांची.

आता मुख्य विद्या: 'आमच्याकडे व्यवस्थित दिसतंय.' दिसणारच! घुसवलेला कोड आधी बघतो, आलंय कोण. गुगलचा बॉट असेल तर त्याला जुगाराची हजारो पानं. गुगलवरून मोबाइलवर आलेला माणूस असेल तर थेट जुगाराच्या साइटवर रवानगी, तीही बरेचदा एकदाच, म्हणजे तक्रारदाराला दुसऱ्यांदा दाखवता येऊ नये. आणि कार्यालयातल्या संगणकावर पत्ता टाइप करून आलेल्या चिटणिसांना? संस्थापकांचा हार घातलेला फोटो, जसाच्या तसा. अहो, हे तुमच्यासाठीच लिहिलेलं नाटक आहे आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवताय! गुगलवर इंग्रजीत 'साइट', कोलन (:), आपलं डोमेन आणि पुढे 'स्लॉट' किंवा 'कसिनो' लिहून बघायला अर्धं मिनिट लागतं. साइटमालकांसाठी गुगलनेच ठेवलेल्या सर्च कन्सोलमध्ये पत्ता तपासला की गुगलला काय दिसतं ते समोर येतं. तिथेच मालकांची यादीही बघा. हॅकर पडताळणीची फाइल टाकून स्वतःला मालक करून घेतात.

पण नाही. सांगणाऱ्यालाच व्हायरस. फारच लावून धरलं तर मेलबर्नहून भाचा रात्री एक फाइल उडवतो, 'झालं मामा' म्हणतो, आणि सकाळी ती परत हजर. कारण क्रॉन जॉब, म्हणजे सर्व्हरवर ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, तिला दर काही मिनिटांनी नव्याने लिहितोय. कारण 'एमयू-प्लगिन्स' फोल्डरमधलं प्लगिन नेहमीच्या यादीत दिसतच नाही. कारण 'अपलोड्स'मध्ये, जिथे फक्त फोटो हवेत, तिथे पीएचपीच्या, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रामच्या, फाइली आहेत, आणि त्यांच्या तारखा मागच्या टाकल्यामुळे तारखेनुसार लावून उपयोग नाही. मग कुणीतरी मागच्या महिन्याचा बॅकअप चढवतो, त्यातही तीच घाण, कारण घुसखोरी त्याआधीची!

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्या, सरकारी कार्यालयं वगैरेंनी असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावा आणि लॉग, म्हणजे सर्व्हरवरच्या ये-जा नोंदी, १८० दिवस जपावेत असं म्हटलंय. तुमची कार्यकारिणी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बसते.

आणि वर म्हणता, चोरण्यासारखं काय आहे? सभासदत्वाचे अर्ज कुठे ठेवलेत ते पाहिलंत कधी? त्याच 'अपलोड्स' फोल्डरमध्ये, आधार आणि पॅनच्या प्रतींसकट, फाइलींची यादी उघडी ठेवून. सर्व्हरला सूचना देणाऱ्या एचटीॲक्सेस फाइलमध्ये 'ऑप्शन्स वजा इंडेक्सेस' ही एक ओळ टाकली असती तर निदान यादी तरी झाकली असती, आणि ते अर्ज मुळात तिथे असायलाच नको होते. देणगीच्या पानावरचा क्यूआर कोड तुमचाच आहे, हे शेवटचं कधी तपासलंत? लोक तुमच्या नावाकडे बघून पैसे आणि कागदपत्रं देतात. बॉटला तुमचं नाव माहीतही नसतं, तो दिसेल ते दार ढकलून बघतो. त्याला दोष देऊन काय होणार? दार उघडं तुम्ही ठेवलंत.

साइट आत्ता बंद करा, 'तात्पुरती बंद' असं सांगणारा ५०३ चा संदेश लावून. लॉगची आणि फाइलींची प्रत बाजूला काढा. वर्डप्रेस, थीम, प्लगिन मूळ ठिकाणाहून नव्याने आणा. जुन्यातले फक्त फोटो घ्या, तेही त्यातल्या पीएचपी फाइली चाळून काढून. अनोळखी ॲडमिन आणि क्रॉन जॉब काढा. होस्टिंग, एफटीपी (फाइली चढवायचं खातं), डेटाबेस, ॲडमिन, सगळे पासवर्ड बदला, कॉन्फिग फाइलमधले सॉल्ट (लॉगिन पक्कं करणारी गुप्त अक्षरं) बदला, म्हणजे आत बसलेले बाहेर पडतील. डोमेन संस्थेच्या नावावर घ्या. हे करणाऱ्या माणसाला पैसे द्या, आणि दर महिन्याला द्या. ज्यांचे अर्ज उघडे पडले त्या सभासदांना स्पष्ट शब्दांत कळवा. टपालाने कळवा, तुमची ईमेल स्पॅममध्ये जाते.