पदवी मिळाली, पण कशातली?

कृष्णवर्णीय खेळाडूंचा जीएसआर (ग्रॅज्युएशन सक्सेस रेट, म्हणजे पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण) वाढला म्हणजे अमेरिकी कॉलेजांत सर्वसमावेशकता आली, असं एका लेखात म्हटलंय; ते विधान घाईचं आहे. जीएसआर हे एनसीएएचं, म्हणजे तिथले कॉलेज-खेळ चालवणाऱ्या संस्थेचं, स्वतःचं माप. चांगले गुण राखून कॉलेज बदलणाऱ्याला ते हिशेबातूनच वगळतं. समजा १० जण आले, सहा वर्षांत ६ पदवीधर झाले, २ असे बाहेर पडले, २ रखडले: अशांनाही हिशेबात धरणाऱ्या सरकारी मापाने ६० टक्के, जीएसआरने ७५. (सरकारी मापही धुतल्या तांदळासारखं नाही, दुसरीकडे पदवी घेतलेलाही तिथे गळतीतच.) दोन्ही आकडे शेजारीशेजारी, तेही अमेरिकन फुटबॉल आणि पुरुषांचा बास्केटबॉल वेगळे काढून, लेखात द्यायला हवे होते.

आणि पदवी कशातली? डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे एनसीएएच्या सर्वांत वरच्या गटात, खेळत राहायला तिसऱ्या वर्षाआधी पदवीचा ४० टक्के, चौथ्याआधी ६० टक्के भाग पूर्ण लागतो. दोन वर्षांनी शाखा बदलली की बरेच जुने क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयांचे गुणांक) नव्या पदवीत बसत नाहीत, ४० भरत नाहीत, पोरगा संघाबाहेर. मग सल्लागार सोपी शाखा आधीच गळ्यात मारतात. वर अभ्यासाला वेळ कुठे? आठवड्याला २० तास सरावाची मर्यादा आहे म्हणे! सामन्याचा अख्खा दिवस त्यात ३ तास धरतात, प्रवास तर मोजतच नाहीत.