बलकावर ही पिल्लं जगत नाहीत: ‘मत्स्यमित्र’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘मत्स्यमित्र’, नमस्कार.

ॲक्सोलॉटल या पाण्यात राहणाऱ्या उभयचर प्राण्याची अंडी उबवण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही परवा लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमच्याकडे साठ-सत्तर पिल्लं निघाली, पाचव्या-सहाव्या दिवशी पाणी दुधाळ झालं आणि जवळपास सगळी गेली. त्याचं खापर तुम्ही माझ्या लेखावर फोडलंत. पहिले दोन-तीन दिवस खायला घालू नका हा सल्ला तुम्हाला निर्दय वाटला. आर्टेमियासाठी (खाऱ्या पाण्यात अंडी फोडून पिल्लांना जिवंत खाऊ घालायचा कोळंबीच्या जातीचा सूक्ष्म जीव) लिटरभर पाण्यात मीठ ‘दोन चमचे’ म्हणजे किती, ते कळलं नाही, तुमचा आर्टेमिया फुटलाच नाही आणि तुम्ही उकडलेल्या अंड्याचा बलक घातलात. पाणी १८ अंशांना ठेवण्याचा आग्रह म्हणजे तुमच्या मते पैसेवाल्यांचे चोचले. एवढ्या पिल्लांचं पुढे काय करायचं यावर मी काही बोललो नाही, असंही तुमचं म्हणणं. आणि सगळ्यांत ठळक वाक्य: ‘उकडलेल्या अंड्याच्या बलकावर माशांची पिल्लं आजवर वाढत आलीत, मग उगाच आर्टेमियाचा बाऊ कशाला?’ जाता जाता ‘चार पुस्तकं वाचून तज्ज्ञ झालेल्यांनी लोकांना शिकवू नये’ हेही आहेच.

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण तेच लागलं. मी अकरा वर्षं हे प्राणी पाळतो आहे. सात वेळा अंड्यांपासून पिल्लं वाढवली. प्रत्येक वेळचं तापमान, पाणी बदलल्याच्या वेळा, रोज किती पिल्लं मेली, हे सगळं वहीत लिहिलेलं आहे, आणि लेख त्या वहीवरून लिहिला आहे. तुमची पिल्लं गेली याचं मला खरंच वाईट वाटतं. पण ती जात असताना चौथ्या दिवशी दोन ओळी लिहून विचारलं असतंत, तर मी त्याच रात्री उत्तर दिलं असतं. तुम्ही विचारलं नाहीत, थेट निकाल दिलात.

मिठाचं मात्र मान्य. ‘दोन चमचे’ लिहिताना कोणते चमचे ते मी लिहायला हवं होतं. माझ्या मनात जेवणाचा मोठा चमचा होता. साध्या मिठाचे असे दोन सपाट चमचे साधारण ३५ ग्रॅम भरतात, जाडं मीठ त्याहून कमी. तुम्ही चहाचे चमचे घेतले असतील तर जेमतेम १२ ग्रॅम पडलं. चूक माझी, दुरुस्त करतो. पण तेवढ्या मिठातही आर्टेमियाची बरीच अंडी फुटतात. एकही फुटलं नसेल तर बहुधा अंडीच मेलेली होती. मोठा डबा फोडून छोट्या पुड्या बांधून विकलेली अंडी पावसाळ्यात दमट हवा खातात आणि महिन्या-दोन महिन्यांत निकामी होतात. पुडी आणली की घट्ट झाकणाच्या डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवावी.

आता बलक. तुमचं ते एक वाक्य लोक वाचून सोडून देणार नाहीत, करून बघतील, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

गोल्डफिशची पिल्लं बलकावर वाढतात, खरं आहे. ती पाण्यात हिंडत समोर येईल तो कण टोचून बघतात. बलकाचा कण हलतो की नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. ॲक्सोलॉटल हा मासाच नाही, तो उभयचर आहे आणि अंड्यातून बाहेर पडल्या दिवसापासून शिकारी आहे. निघालेलं पिल्लू सेंटीमीटरभर लांब असतं. पाय एकही नाही, डोक्यामागे पिसांसारखे कल्ले, शेपटी पारदर्शक. ते अन्न शोधत फिरत नाही. तळाशी पडून राहतं आणि काहीतरी हलतंय असं डोळ्यांना दिसलं किंवा कातडीला पाण्याचं कंपन जाणवलं, तरच तोंड उघडतं. जे हलत नाही ते त्याच्या लेखी अन्नच नाही.

हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. काचेच्या बरणीखाली काळा कागद ठेवा, बाजूने टॉर्च धरा आणि ड्रॉपरने आर्टेमियाचे चार थेंब सोडा. अर्ध्या मिलिमीटरचे ते नारिंगी ठिपके अडखळत अडखळत पोहतात. एखादा तोंडासमोर आला की पिल्लाचं डोकं किंचित वळतं, क्षणभर सगळं थांबतं, मग एक झटका आणि ठिपका नाहीसा. दहा-पंधरा मिनिटांत पोट नारिंगी दिसायला लागतं, कातडीतून आरपार. कोण जेवलं आणि कोण उपाशी राहिलं हे पोटाच्या रंगावरून मोजता येतं. ही सोय बलकात नाही, कारण बलक पोटात जातच नाही.

मग तो जातो कुठे? एक लिटरच्या बरणीत चिमूटभर बलक कालवला तर पंधरा-वीस मिनिटांत त्यातला बराचसा तळाला बसतो, म्हणजे नेमका जिथे पिल्लं पडून असतात तिथे. त्यात चरबी आणि प्रथिनं ठासून भरलेली. रात्रीत जिवाणू वाढतात, पाणी दुधासारखं होतं, विरघळलेला ऑक्सिजन संपतो आणि अमोनिया चढतो. या पिल्लांचे कल्ले शरीराबाहेर उघडे असतात, माशासारखं त्यांवर झाकण नाही. त्यांवर आधी चिकट थर बसतो, मग बुरशीचे पांढरे धागे. दोन दिवसांत बरणी रिकामी.

तुमच्या तपशिलात हेच लिहिलेलं आहे आणि ते तुम्ही स्वतः लिहिलं आहे: ‘पाणी दुधाळ झालं.’ उपासमारीने मरणारं पिल्लू असं मरत नाही. पोटातला साठा संपल्यावरही ते काही दिवस तग धरतं, बारीक होत जातं, पोट आत जातं, शरीराच्या मानाने डोकं मोठं दिसायला लागतं, आणि मग एकेक करून जातात. पाचव्या-सहाव्या दिवशी सगळी एकदम जाणं हे पाणी नासल्याचं लक्षण आहे. तुमची पिल्लं माझ्या सल्ल्याने उपाशी मेली असं तुम्ही चारचौघांत लिहिलंत, पण ती त्या बलकाने मेली.

पहिले दोन-तीन दिवस खायला न घालण्याबद्दल. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या पोटात त्याचा स्वतःचा बलक शिल्लक असतो. पोटाखालची ती फिकट फुगवटी तीच. २० अंशांना साधारण ४८ तास, १७-१८ अंशांना ७२ तास तो पुरतो. त्याआधी तोंड खाण्याजोगं झालेलंच नसतं. तेव्हा आर्टेमिया घातला तर तो कोणी खात नाही, गोड्या पाण्यात काही तासांत मरतो आणि सडतो. थांबायचं ते यासाठी, त्यात निर्दयपणा कुठे आला? घड्याळापेक्षा पिल्लाकडे बघा. कुशीवर पडून राहणारं पिल्लू पोटावर सरळ बसायला लागलं आणि जवळून काही हललं की तिकडे वळायला लागलं, की समजावं तोंड उघडलं.

म्हणूनच आर्टेमियाची तयारी आधी लागते, आणि इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. पिल्लं दिसल्यावर पुडी आणायला धावणाऱ्याला तिसरा दिवस गाठता येत नाही. ॲक्सोलॉटलची अंडी १८ ते २० अंशांना दोन ते तीन आठवड्यांत फुटतात. आतला काळा गोल आधी घेवड्याच्या दाण्यासारखा लांबतो, मग त्याला डोकं-शेपटी येते, शेवटी पिल्लू आत वळवळताना दिसतं. वळवळ दिसली की पुडीतली आर्टेमियाची चिमूटभर अंडी फुटतात का, हे एकदा तपासून घ्यावं. पहिलं पिल्लू निघालं की दुसऱ्या दिवशी पहिली बाटली लावावी. (पांढरी पडलेली, केसाळ दिसणारी अंडी रोज ड्रॉपरने काढून टाकावीत, नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्यांवर जाते. आणि कवच फाडून पिल्लू बाहेर काढायच्या फंदात पडू नये.)

बाटली म्हणजे सोड्याची लिटरहून मोठी प्लास्टिकची बाटली, बूड कापून उलटी टांगलेली. क्लोरीन काढलेलं पाणी १ लिटर, जाडं मीठ २५ ते ३० ग्रॅम वजन करून, पाव चहाचा चमचा खायचा सोडा, आर्टेमियाची अंडी अर्धा ते एक ग्रॅम. एअर पंपाची नळी थेट तळापर्यंत सोडावी आणि हवा इतकी जोरात हवी, की एकही अंडं खाली बसता कामा नये. वर दिवा. बाटलीला २६ ते २८ अंश लागतात आणि पिल्लांना १८, म्हणून दोन्ही एका खोलीत ठेवून चालत नाही. २७ अंशांना २४ तासांत काम होतं. खोली २२ ची असेल तर दीड दिवस किंवा जास्तही, आणि थंडीत इथेच अंदाज चुकतो. दोन बाटल्या ठेवून आज एक, उद्या दुसरी अशा आलटून पालटून लावाव्यात.

काढताना हवा बंद करा, बाटलीच्या वरच्या भागाला काळं कापड गुंडाळा, खाली टॉर्च लावा, दहा मिनिटं थांबा. रिकामी टरफलं वर तरंगतात आणि जिवंत आर्टेमिया उजेडाकडे, म्हणजे खाली गोळा होतो. अगदी तळाला न फुटलेली अंडी असतात, म्हणून पहिले काही थेंब फेकून द्या, मग नारिंगी पाणी घ्या. चहाच्या गाळणीतून आर्टेमिया निसटतो. दाट विणीचा सुती हातरुमाल लागतो. गोड्या पाण्याने एकदा धुवा आणि लगेच घाला. फुटल्यापासून सहा-आठ तासांत आर्टेमिया स्वतःच्या पोटातला साठा वापरून टाकतो, त्यानंतर तो पिल्लाला तितका लागू पडत नाही. उरलेला खाऱ्या पाण्यात फ्रिजमध्ये ठेवला तर दिवसभर टिकतो.

दिवसातून दोनदा, पोटं नारिंगी होतील इतकंच घालायचं. दोन-तीन तासांनी तळाशी मेलेला आर्टेमिया ड्रॉपरने उचलायचा. रोज एकदा सगळं पाणी बदलायचं. दोन बरण्या ठेवा. दुसरीत त्याच तापमानाचं क्लोरीन काढलेलं पाणी भरून ठेवा आणि पिल्लं रुंद तोंडाच्या ड्रॉपरने पाण्यासकट उचलून तिकडे सोडा. जाळी वापरू नका, कल्ले अडकून फाटतात. फिल्टरही नको, पिल्लं त्यात ओढली जातात.

आर्टेमिया नसेल तर काय, हा प्रश्न रास्त होता आणि तो तुम्ही विचारला असतात तर मला आवडलं असतं. बारीक डॅफ्निया (पाणपिसू) उत्तम, कारण तो गोड्या पाण्यात जगतो आणि दिवसभर हलता राहतो. मायक्रोवर्मवर (घरी वाढवता येणारे बारीक कृमी) चार दिवस निभावतात, पण त्यात कस कमी. ट्युबिफेक्स (चिखलातला बारीक लाल कृमी) या वयात नको. तो घाणीच्या पाण्यातून येतो आणि रोग घेऊन येतो. पिल्लं दोन सेंटीमीटरची झाली, पुढचे पाय फुटले, की चिरलेलं गांडूळ किंवा वितळवलेला ब्लडवर्म (एका माशीची गोठवून विकली जाणारी लाल अळी) चिमट्याने नाकासमोर हलवून देता येतो. त्याच सुमारास ती एकमेकांचे पाय तोडायला लागतात. पाय परत येतात, पण गर्दी कमी करायची आणि मोठी-छोटी वेगळी करायची ती वेळ.

बाकीच्या मुद्द्यांवर मी फार लिहिणार नाही. १८ अंशांसाठी चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) घ्या असं मी कुठेच म्हटलेलं नाही. थर्माकोलचा खोका, गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या आणि पाण्यावरून वारा सोडणारा छोटा पंखा एवढ्यात भागतं. २० पर्यंत चालतं, २४ च्या वर नाही, आणि त्याला चोचले म्हणत असाल तर हा प्राणी तुमच्यासाठी नाही. एवढ्या पिल्लांचं काय करायचं, यावर लेखात दोन ओळी आहेत, तुम्ही त्या वाचल्या नाहीत. नको असलेली अंडी घातल्यापासून पहिल्या एक-दोन दिवसांत फ्रीझरमध्ये टाकायची आणि काहीही झालं तरी ओढ्या-तळ्यात पिल्लं सोडायची नाहीत. हा प्राणी मूळचा मेक्सिको सिटीच्या सोचिमिल्को भागातल्या पाण्यातला. तिथे बाहेरून आणून सोडलेले कार्प आणि तिलापिया त्याची अंडी आणि पिल्लं खातात. त्यात पाणीही बिघडलं आणि दर चौरस किलोमीटरला १९९८ साली साधारण ६,००० असलेले ॲक्सोलॉटल २०१४ पर्यंत ३६ वर आले. परका प्राणी परक्या पाण्यात सोडल्याने काय होतं ते तिथे दिसलं आहे. याहून मोठी चर्चा हवी असेल तर वेगळा लेख लिहीन, पण या सुरात विचारलेल्या प्रश्नावर नाही.

तुमच्याकडची जोडी पुन्हा अंडी घालेल, तेव्हा पहिल्याच दिवशी कळवा. सगळी ठेवू नका, तीस ठेवा. पाण्याचं तापमान आणि पुडीवरची तारीख लिहून पाठवा, आर्टेमियाची बाटली कोणत्या दिवशी लावायची ते सांगतो. मूळ लेखातली ओळ आता अशी आहे: ‘जाडं मीठ, वजन करून, १ लिटरला २५ ते ३० ग्रॅम.’