खुलासा : ‘किमान ३ अंश म्हणजे दव गोठणार नाही’ हे चूक आहे

डोंगराळ भागातल्या ग्रुपांवर एक संदेश फिरतोय : “अंदाजात किमान तापमान ३ अंश आहे, शून्याच्या वर. दव गोठणार नाही, रोपं उघडी ठेवा.” काल मीही तो पुढे पाठवला. तो चुकीचा आहे, त्याबद्दल माफी मागतो.

अंदाजातलं तापमान हवेचं असतं, जमिनीचं नव्हे. तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंच, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की रात्री जमीन भराभर निवते. गवताच्या पात्यालगत पारा पेटीतल्यापेक्षा ३-४ अंशांनी, कधी त्याहूनही खाली जातो. शिवाय थंड हवा जड. ती उतारावरून ओघळून खोलगट भागात साचते, म्हणून अशा रात्री वरच्या घरापेक्षा दरीतलं वावर जास्त गारठतं. पहाटे पानांच्या कडांवर पांढरी, खरखरीत किनार दिसते ती यामुळेच. कोवळ्या रोपांना तेवढी एक रात्र पुरते.

अंदाजात ३-४ अंशांचा आकडा आणि निरभ्र, शांत रात्र असेल तर रोपं संध्याकाळीच झाका. तो संदेश कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.