ज्वालामुखी फुगतोय अमेरिकेजवळ, घाम नागपूरला कशाला?

“पॅसिफिकच्या तळाशी महाज्वालामुखी फुगलाय. फुटायची तारीख ठरलीय, पण शास्त्रज्ञ लपवतायत. त्सुनामी भारतापर्यंत येणार. नागपूर लाव्हाच्या खडकावर वसलंय, त्यामुळे इथली जमीनही आतून तापायला लागलीय.” नागपुरातल्या कॉलन्यांच्या ग्रुपांवर हे सध्या जोरात फिरतंय. यातला फुगण्याचा भाग खरा आहे, म्हणून बाकीचंही लोकांना पटतं.

“शास्त्रज्ञ लपवतायत”

हा ज्वालामुखी म्हणजे अ‍ॅक्सियल सीमाउंट, अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याच्या किनाऱ्यापासून सुमारे ४८० किलोमीटरवर. २०१४ पासून तिथली उपकरणं केबलने थेट किनाऱ्याशी जोडलेली आहेत आणि त्यांच्या नोंदी कुणालाही इंटरनेटवर बघता येतात. लपवायची ही पद्धत अजबच म्हणायची.

“तारीख ठरलीय”

तारीख नाही, अंदाज. तो कसा बांधतात ते बघा. समुद्रतळावर दाबमापक ठेवलेले असतात. खालून मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, भरत गेला की तळ वर उचलला जातो, त्याच्यावर पाणी तेवढं कमी उरतं आणि दाब घटतो. त्यातून भरती-ओहोटीचा फरक वजा करावा लागतो. शिवाय वर्षानुवर्षं पाण्यात राहून दाबमापकच हळूहळू चुकीचा आकडा दाखवू लागतो. ती चूक काढण्यासाठी दूरनियंत्रित पाणबुडी वेगळा दाबमापक घेऊन तळावरच्या ठरलेल्या खुणांवर एकेक करून टेकवते. एवढ्या खटाटोपानंतर काही सेंटीमीटरचा चढ-उतार हाती लागतो.

२०११ आणि २०१५ या दोन्ही उद्रेकांत तळ दोन मीटरहून जास्त खचला आणि नंतर पुन्हा वर येऊ लागला. मागच्या खेपेला ज्या उंचीवर फुटला, तिच्या आसपास पोहोचला की पुढचा उद्रेक जवळ आला, हा आडाखा. या ज्वालामुखीचे अभ्यासक बिल चॅडविक आणि स्कॉट नूनर यांनी त्यावरून २०१५ चा उद्रेक आधीच जाहीरपणे वर्तवला होता. त्यानंतरचा अंदाज २०२५ च्या अखेरीपर्यंतचा होता. पण फुगण्याचा वेग सारखा राहत नाही, त्यामुळे त्यांनीच तो पुढे ढकलला. भूकंपांकडेही लक्ष असतं: २४ एप्रिल २०१५ ला, उद्रेकाच्या दिवशी, सुमारे आठ हजार छोटे धक्के नोंदले गेले.

“त्सुनामी भारतापर्यंत”

एप्रिल २०११ मध्ये हा ज्वालामुखी फुटला तेव्हा केबल नव्हती. जुलैअखेर संशोधक जहाज घेऊन गेले, तेव्हा तळावर नवा लाव्हा दिसला आणि काही उपकरणं त्याखाली गाडली गेलेली. मधले जवळजवळ चार महिने किनाऱ्यावर कुणाला पत्ताही नव्हता! माथ्यावर सुमारे चौदाशे मीटर पाणी, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास १४० पट दाब. त्या दाबाखाली वाफेचा प्रचंड स्फोट होणं अवघड, आणि इथला पातळ बेसाल्ट लाव्हा मुळात पसरणारा. जानेवारी २०२२ मधला टोंगाजवळचा उद्रेक त्सुनामी घेऊन आला, कारण त्याचं मुख उथळ पाण्यात होतं. फॉरवर्डमध्ये व्हिडिओ मात्र टोंगाचाच लावलाय.

समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवरच्या नागपूरला लाट येण्याबद्दल काही लिहीत नाही.

“नागपूर लाव्हावर”

अर्धं खरं. सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या खडकाची आहे, पण दख्खनचा हा थर इथे पातळ होत संपतो. शहराच्या पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुना ‘नाइस’ नावाचा, लाव्हाशी संबंध नसलेला खडक लागतो. आणि हा लाव्हा वाहिला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. तोही सलग नाही. नागपुरातल्या टाकळीला लाव्हाच्या थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख सापडतात. स्टीफन हिस्लॉप यांनी, ज्यांच्या नावाचं कॉलेज आपल्याकडे आहे, एकोणिसाव्या शतकातच हे जीवाश्म गोळा केले होते. म्हणजे दोन उद्रेकांच्या मध्ये इथे तळी साचली, त्यांत जीव नांदले, एवढा अवकाश मिळत होता.

या लाव्हाचा उगम आता आपल्याखाली नाहीच. बहुतेक भूवैज्ञानिक तो हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटाशी जोडतात. तिथला ज्वालामुखी आजही जागा आहे, भारताचं भूपट्ट मात्र उत्तरेला हजारो किलोमीटर सरकलंय. मे महिन्यात नागपूरची जमीन तापते, ती वरून.