ट्रकची किंमत उतरते, पंपाची नाही

टेक्सासातल्या आमच्या मराठी मंडळींमध्ये सध्या एक सल्ला फिरतोय. कॅम्पर, म्हणजे गाडीमागे जोडायचं फिरतं घर, ओढायचाय ना, मग नव्या पिकअपवर पैसे उधळू नका. बारा-पंधरा हजार डॉलरांत जुनी हेवी-ड्यूटी डिझेल घ्या. इंजिन पाच लाख मैल मरत नाही. २०११ नंतरची मिळाली तर डोळे झाकून घ्या. मैल कमी झालेले बघा, ऑइल वेळेवर बदला, आणि धूर स्वच्छ करणारी ती फिल्टरबिल्टर भानगड काढून टाकली की कटकट संपली. मला हे चौघांनी पाठवलं. त्यातला एक तर ट्रक बघायला मलाच सोबत घेऊन गेला.

पाच लाख मैल म्हणे. कुठलं इंजिन? फोर्डच्या सुपर ड्यूटी या मोठ्या पिकअपवर ‘पॉवर स्ट्रोक’ ही पाटी वर्षानुवर्षं तीच आहे, आतली इंजिनं मात्र बदलत गेली. ७.३ लिटरचं जुनं इंजिन खरोखर चिवट. त्याच्या जागी ६.० लिटरचं आलं, आणि २००३ या एकाच मॉडेल वर्षात दोन्ही विकली गेली. दोन्ही नॅव्हिस्टार या इंजिन कंपनीचीच. पण ६.० चं दुखणं साखळीसारखं आहे. ऑइल कूलरच्या बारीक वाटांत कूलंटमधला, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातला, गाळ बसतो. त्यामुळे पुढच्या ईजीआर कूलरला (इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणाऱ्या भागाला) कूलंट पुरत नाही, तो तापतो आणि फुटतो. कूलंट इंजिनात शिरतं, दाब वाढतो. एकेका सिलिंडरभोवती हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, धरून ठेवायला बोल्ट चारच, ते ताणले जातात आणि झाकणाखालचं हेड गॅस्केट जातं. दुरुस्तीला कित्येक मेकॅनिक अख्खी केबिन चॅसीवरून उचलून घेतात, यावरून मजुरीचा अंदाज करा. दोन्ही कूलर, गॅस्केट आणि बोल्टांऐवजी जाड स्टड धरून चार ते सहा हजार डॉलर सहज जातात. वॉरंटीच्या खर्चावरून फोर्ड आणि नॅव्हिस्टार कोर्टापर्यंत गेले होते. २००९ मध्ये तडजोड झाली. ही कामं आधीच्या मालकाने नीट करून घेतली असतील तर ६.० सुद्धा वाईट नाही. पण ‘केलंय सगळं’ या शब्दावर जाऊ नका, बिल मागा.

कमिन्स या इंजिन कंपनीबद्दल बोललं की पुणेकर हमखास रागावतात. १९६२ पासून कोथरूडला कारखाना, घरटी कोणी ना कोणी तिथं नोकरीला, त्यामुळे डॉज-रॅम पिकअपच्या बॉनेटखाली ते नाव दिसलं की माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं. इंजिन दणकट आहेच. पण १९९८ ते २००२ मधल्या २४-व्हॉल्व्ह इंजिनांवरचा व्हीपी४४ हा इंजेक्शन पंप डिझेलच्याच प्रवाहाने थंड राहतो. त्याला टाकीतून डिझेल पुरवणारा छोटा लिफ्ट पंप दमला की हा महागडा पंपही त्याच्यामागोमाग जातो. आणि इंजिन टिकलं तरी त्याला जोडलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स टिकतोच असं नाही. रॅमचे ऑटोमॅटिक ओढकामात तापून जातात, आणि ते पुन्हा बांधायला चार-पाच हजार लागतात. पाच लाख मैलांचा हिशेब इंजिनापुरता असतो. बॉल जॉइंट, स्टिअरिंग, गिअरबॉक्स यांना तो लागू नाही.

आता ‘२०११ नंतरची डोळे झाकून’. इथंच सगळ्यात मोठा खड्डा आहे. २०११ पासून फोर्डच्या ६.७ वर आणि जीएमच्या ड्युरामॅक्स इंजिनावर बॉशचा सीपी४ हा उच्चदाबाचा पंप आला. त्याला वंगण डिझेलचंच. युरोपातल्या डिझेलला वंगणाच्या चाचणीत ४६० मायक्रॉनपर्यंतची झीज चालते, अमेरिकेत ५२० पर्यंत. म्हणजे इथलं डिझेल कोरडं. पंप आतून झिजला की धातूचा बारीक कीस डिझेल वाटून देणाऱ्या रेल नावाच्या नळीत, ते फवारणाऱ्या आठही इंजेक्टरांत आणि परतीच्या नळीतून टाकीत जातो. नुसता पंप बदलून भागत नाही, इंधनाची सगळी यंत्रणा बदलावी लागते. आठ ते दहा हजार डॉलर, कधी त्याहून जास्त. जीएमने २०१७ च्या मॉडेलपासून डेन्सोचा पंप घेतला. रॅमने २०१९ मध्ये सीपी४ लावला आणि २०२१ मध्ये सुमारे २ लाख २२ हजार ट्रक परत बोलावून जुना सीपी३ बसवायची वेळ आली. सगळेच पंप जातात असं मुळीच नाही. पण जाईल तेव्हा तुम्ही ट्रक पंधरा हजारांना घेतलाय हे त्या पंपाला ठाऊक नसतं. साठ-सत्तर हजारांच्या गाडीचा तो भाग, त्याची किंमत तशीच राहते. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला.

ऑइलबद्दल दोनच ओळी. वेळेवर बदला हे खरंच आहे, पण ६.० मध्ये एका वेळी १५ क्वार्ट (सुमारे १४ लिटर) लागतं आणि त्याच ऑइलच्या दाबावर इंजेक्टर चालतात. शिवाय इंधनाचे फिल्टर आणि कूलंट वेगळेच.

मैलांचं म्हणाल तर मित्रासोबत बघितलेला ट्रक सांगतो. ६१ हजार मैल, आतून चकाचक, विकणारा खूश. डॅशबोर्डवर इंजिनाचे तास उघडले तर ५,४००. भागाकार करा, ताशी अकरा मैल. म्हणजे आयुष्य उभ्याउभ्या इंजिन चालू ठेवण्यात गेलेलं, बहुधा कुठल्या तरी बांधकामावर. उभ्या इंजिनात काजळी साचते, टर्बो आणि धुरातली काजळी गाळणारा डीपीएफ फिल्टर तुंबतात. ठेकेदारांकडचे ट्रक असेच बाजारात येतात, म्हणून मैलांआधी तास बघा. उत्तरेकडच्या राज्यांतून आलेला असेल तर खाली वाकून चॅसी आणि ब्रेकच्या नळ्याही बघा. रस्त्यावरचं मीठ त्या खाऊन टाकतं.

राहिलं ‘भानगड काढून टाका’. क्लीन एअर ॲक्ट या अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याखाली ते बेकायदा आहे. ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेने २०२० मध्ये अंदाज दिला होता की आधीच्या दशकात साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपांची अशी छेडछाड झाली, म्हणजे सेकंडहँड बाजारात असा ट्रक तुमच्या गळ्यात पडणं अजिबात अवघड नाही. टेक्सासात डिझेलला धुराची तपासणी नाही, म्हणून लक्षातही येत नाही. उद्या नोकरी बदलून कॅलिफोर्नियाला गेलात तर १९९८ पासूनची डिझेल पिकअप तिथं स्मॉग चेकला, म्हणजे धुराच्या तपासणीला, लागते, आणि काढलेले भाग परत बसवायला हजारो डॉलर जातात.

परतताना मित्राला विचारलं, कॅम्परचं वजन किती? सामानासकट चार हजार दोनशे पौंड. त्याच्या दारात उभ्या असलेल्या एसयूव्हीची ओढायची क्षमता पाच हजार आहे. मागे जोडणीचा हिच आणि कॅम्परचे ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलर बसवला की झालं. तो म्हणाला, पण पिकअपची मजा वेगळी. ते मात्र मला खोडता आलं नाही.