मुद्देमाल

माझ्या पिशवीत गुंडांच्या भाषेतला 'घोडा', म्हणजे पिस्तूल, नव्हता, सुपारीची रक्कम नव्हती, साधी खायची सुपारीही नव्हती. स्टीलच्या डब्यात तिळाचे बारा लाडू होते. तरीही शुक्रवारी, १७ जानेवारी २०२५ रोजी, ठाण्यातल्या एका मॉलच्या चौथ्या मजल्यावर मला रांगेतून बाजूला घेण्यात आले, दोन्ही हात आडवे करायला लावण्यात आले, आणि ते तपासणीचे यंत्र डब्यापाशी येऊन असे काही किंचाळले की मागच्या एका बाईंनी आपल्या मुलीला जवळ ओढून घेतले.

"काका, खायचं आत चालत नाही," गणवेशातला मुलगा म्हणाला. मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. काका म्हटल्याचा राग मी गिळला, कारण गिळण्यासारखे दुसरे काही त्याने शिल्लक ठेवले नव्हते. ज्या डब्याच्या झाकणावर माझ्या सासूबाईंनी भांडीवाल्याकडून ठिपक्याठिपक्यांनी आपले नाव घालून घेतले आहे, तो डबा टेबलाखालच्या खोक्यात एका चकल्यांच्या पिशवीवर जाऊन पडला आणि मला चौदा क्रमांकाचा बिल्ला मिळाला.

तो मुलगा कायद्याने बरोबर होता, आणि तेच जास्त झोंबते. चित्रपटगृह ही मालकाची खासगी मालमत्ता असल्यामुळे बाहेरचे खाद्यपदार्थ आत न्यायचे की नाहीत हे मालकाने ठरवायचे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिला आहे. पिण्याचे पाणी फुकट मिळाले पाहिजे आणि तान्ह्या मुलांचे खाणे अडवता येणार नाही, एवढीच सवलत. त्या सुनावणीत तत्कालीन सरन्यायाधीशांनी जिलेबीचे उदाहरण दिले होते : उद्या कोणी जिलेबी घेऊन आत आला आणि पाकाची बोटे खुर्चीला पुसली, तर खुर्ची स्वच्छ करण्याचे पैसे कोणी द्यायचे? प्रश्न रास्त आहे. परंतु तिळाच्या लाडवाने खुर्ची चिकट झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तो दाताला चिकटतो, आणि दात तर माझे स्वतःचे होते.

शिवाय आत मी कोणता चित्रपट पाहायला चाललो होतो? पुन्हा प्रदर्शित झालेला 'सत्या'. ज्यात गुंड भीकू म्हात्रेची माणसे कमरेला पिस्तुले लावून मुंबईभर हिंडतात, बारमध्ये जातात, बिल्डरांच्या कचेऱ्यांत जातात, आणि तीन तासांत त्यांची पिशवी कोणी एकदाही उघडून पाहत नाही.

हा चित्रपट पहिल्यांदा लागला ३ जुलै १९९८ रोजी. गुंडांचे चित्रपट पाहणारी मुले पुढे गुंड होतात असे आमच्या वडिलांचे ठाम मत असल्यामुळे तेव्हा मला तो पाहता आला नाही, आणि मी कारकून झालो. नंतर दूरचित्रवाणीवर तो मी निदान सहा वेळा पाहिला असेन. पण दर वेळी भीकूच्या मरणाच्या अलीकडे किंवा पलीकडे साबणाची जाहिरात आली आहे. भीकू मरतो तो प्रसंग एका क्षणाचा आहे. निवडणूक जिंकलेला पुढारी भाऊ ठाकुरदास जावळे त्याला विजयाच्या समारंभात बोलावतो आणि कसलीही पूर्वसूचना न देता संपवतो. पाहणाऱ्याला पापणी लववायलाही सवड मिळत नाही. तो एक क्षण मोठ्या पडद्यावर, अंधारात, जाहिरातीविना पाहायचा, यासाठी मी साडेसव्वीस वर्षे थांबलो होतो आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर कानटोपी घातलेले एक गृहस्थ आधीच बसलेले होते. वातानुकूलित सभागृहात कानटोपी घालून बसणाऱ्या माणसाबद्दल मला एरवी आदरच वाटतो. त्यांनी माझ्याकडे नखशिखांत पाहिले, माझे नाव, गाव आणि नोकरी एवढे तीन प्रश्न विचारले आणि मगच आपली ओळख करून दिली. मुंबई पोलिसांतून ते सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले होते आणि अठ्ठ्याण्णव साली नोकरीतच होते. "आमच्यावरचा सिनेमा आहे म्हणतात, पण तेव्हा बघायला सुट्टी नव्हती," असे ते म्हणाले, आणि मी मूर्खासारखा म्हणालो, "वा! मग आज मजा येईल."

सुरुवातीला त्यांनी सौम्यपणा दाखवला. नायक सत्या आणि भीकू तुरुंगात एकमेकांना बुकलत असताना ते एवढेच म्हणाले, "हे तुरुंग खात्याचं आहे, आपल्याकडे येत नाही." हद्दीचा प्रश्न निकालात निघाल्यासारखे ते मागे रेलले. परंतु सुटून आलेल्या सत्याने बारमध्ये जाऊन जग्गा नावाच्या गुंडाला गोळी घातली तेव्हा ते पुढे सरकले आणि म्हणाले, "पुंगळ्या?"

"काय?" मी विचारले.

"गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या कोणी गोळा केल्या? दाखवलंच नाही. सरळ दुसरा सीन."

"काका, सिनेमा आहे हा."

"सिनेमा आहे हे मान्य. पण पंचनामा नको? स्थळ पंचनामा नाही, पंच नाहीत, नकाशा नाही. उद्या कोर्टात उभा राहील तेव्हा वकील काय चिरफाड करेल! जागेवरून तर तुम्ही हललात."

यानंतर त्यांनी मला पंच म्हणजे काय ते समजावून सांगितले. झडतीच्या वेळी त्या भागातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित, त्रयस्थ रहिवाशांना बोलवावे लागते; कायदा असे म्हणतो. प्रत्यक्षात प्रतिष्ठित रहिवासी पोलिसांना पाहताच दार लावून घेतात आणि मग चहावाला आणि पानवाला हेच त्या भागातले प्रतिष्ठित ठरतात. त्यांच्या हद्दीत एक पानवाला इतक्या प्रकरणांत पंच होता की न्यायालयातला शिपाई त्याला नावाने हाक मारून आत घेत असे. हा किस्सा चांगला होता, हे मी नाकारत नाही. तो चालू असताना पडद्यावर सत्याची शेजारीण विद्या पहिल्यांदा आली, दारात उभी राहिली, काहीतरी बोलली आणि गेली. काय बोलली ते मला आजही माहीत नाही.

मग खडकावर उभा राहून भीकू समुद्राला 'मुंबई का किंग कौन?' हा सुप्रसिद्ध प्रश्न विचारतो, ते दृश्य आले. संपूर्ण सभागृहाने, अगदी १९९८ मध्ये जन्मही न झालेल्या पोरांनी, भीकूच्या आधी तो प्रश्न ओरडून विचारला आणि उत्तरही देऊन टाकले. माझ्या अंगावर काटा आला. शेजारून आवाज आला, "असल्या खडकांवरून दर पावसाळ्यात माणसं बाहेर काढावी लागतात. भरतीची वेळ बघत नाहीत."

येथे एक गोष्ट नोंदवतो, कारण ती बोलायला मला तेथे संधी मिळाली नाही. हिंदी चित्रपटात मराठी माणूस म्हणजे एक तर धुणीभांडी करणारी बाई, नाही तर खाली मान घालून सलाम ठोकणारा हवालदार, ही वाटणी आपण वर्षानुवर्षे मुकाट्याने पाहिली. 'सत्या'त गुंड म्हात्रे, पुढारी जावळे, इन्स्पेक्टर खांडिलकर, वकील मुळे. मारणारे, मरणारे आणि चौकशी करणारे सगळे आपलेच. ही पदोन्नती आहे की नाचक्की, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. म्हात्रे साकारणारा मनोज बाजपेयी बिहारचा, आणि त्याला त्यासाठी सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे आम्हाला एकदाचे वर आणले तेही दुसऱ्याच्या खांद्यावर बसवून. हा मुद्दा मी मध्यंतरात काकांसमोर मांडायला घेतला होता. ते म्हणाले, "आम्हाला पांडू म्हणायचे. तुम्हाला काय म्हणायचे?" कारकुनाला काही म्हणत नाहीत, हे सांगताना मला उगाचच कमीपणा वाटला.

मध्यंतरात पॉपकॉर्नचा दर पाहिला. तो माझ्या तिकिटापेक्षा जास्त होता. भीकूची माणसे निदान फोन करून, नाव सांगून, मुदत देऊन खंडणी मागत असत.

उत्तरार्धात आयुक्त आमोद शुक्लांचा खून होतो. त्या वेळी काका काहीच बोलले नाहीत; फक्त कानटोपी काढून मांडीवर ठेवली आणि थोड्या वेळाने पुन्हा घातली. मला वाटले की आता सुटलो. पण पुढे लगेच कोणीतरी खुनाचे कलम तीनशे दोन मनात आणण्यासारखे काही केले आणि ते उसळले : "आयुष्यभर तीनशे दोन पाठ केलं. झोपेतून उठवून विचारा, तीनशे दोन. आणि गेल्या जुलैपासून नव्या कायद्यात म्हणे एकशे तीन. आणि झडतीचं जुनं कलम शंभर होतं, ते दुसऱ्या नव्या संहितेत कितवं? एकशे तीनच! खुनालाही एकशे तीन, झडतीलाही एकशे तीन. आता नवीन पोरानं काय लक्षात ठेवायचं?" पुढच्या रांगेतल्या एका तरुणाने मागे वळून "अंकल, प्लीज" असे म्हटले, आणि म्हणताना पाहिले मात्र माझ्याकडे.

तेव्हा मी निर्वाणीचा उपाय केला. निघताना बायकोने दोन लाडू निराळे कागदात बांधून, रांगेत भूक लागली तर असावेत म्हणून, माझ्या विजारीच्या खिशात घातले होते. तिळाला यंत्र ओरडत नाही. आमच्याकडच्या लाडवांचा पाक दर वर्षी जरा पुढे जातो आणि लाडू फोडायला बत्ता लागतो, यावरून घरात मी आजवर बरेच वाईट बोललो आहे. ते सर्व शब्द मी येथे मागे घेतो. मी एक लाडू काकांच्या हातावर ठेवला. त्यांनी अंधारात तो बोटांनी चाचपला, हुंगला, तोंडात टाकला आणि त्यांचा जबडा कामाला लागला.

पडद्यावर नेमके चित्रपटगृह होते. सत्या आणि विद्या सिनेमाला आलेले असतात, पोलिसांना खबर लागते, दारे बंद होतात, सत्या गोळी झाडतो आणि चेंगराचेंगरी होते. चित्रपटगृहात बसून चित्रपटगृहातली चेंगराचेंगरी पाहताना आपले डोळे आपोआप बाहेर जाण्याच्या लाल पाटीकडे जातात. काकांना त्यावर केवढे तरी बोलायचे होते, हे त्यांच्या हातवाऱ्यांवरून दिसत होते. ते दोन बोटे दाखवत, मागच्या दाराकडे हात करत, "म्म, म्म" करत होते. दोन शिपाई मागच्या दाराला लावायला हवे होते, असा त्याचा अर्थ असावा. पण दाढा गुळात रुतल्या होत्या. ती चार-पाच मिनिटे हा माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम चित्रपट होता.

मग मी दुसरा लाडू स्वतः खाल्ला. येथे चुकलो. काकांचा लाडू आवाज न करता झिजत गेला होता. माझा फुटला, आणि तो नेमका अशा शांततेत फुटला की पुढच्या तरुणाने बाहेर जाऊन तक्रार केली. भाऊच्या घरी समारंभ सुरू झाला, भीकू आत आला, मी श्वास रोखून पुढे सरकलो, आणि माझ्या डोळ्यांवर विजेरीचा झोत पडला. तोच मुलगा.

"काका, बाहेरचं खाताय का?"

मी उत्तर देऊ शकत नव्हतो, कारण माझे दात गुळात होते. मी आशेने शेजारी पाहिले. एकाच लाडवाच्या जोडीतला एक ज्याने खाल्ला आहे असा माणूस किमान गप्प तरी बसेल, अशी माझी समजूत होती. सहायक फौजदारांनी जीभ दाढांवरून फिरवली, घसा साफ केला आणि स्वच्छ आवाजात सांगितले, "उजव्या खिशात कागद आहे. मलाही दिला होता यांनी, मी मागितला नव्हता."

माफीचा साक्षीदार ही चीज मी तोपर्यंत फक्त वर्तमानपत्रात वाचली होती.

खिसा उलटा करून दाखवेपर्यंत, कागद जमा होईपर्यंत आणि विजेरी विझेपर्यंत सभागृहातून एक दीर्घ, सामुदायिक "अरेरे" उठून गेलेला होता. मी पडद्याकडे पाहिले. तेथे भाऊ होता. भीकू नव्हता.

"काय झालं?" मी विचारले.

"काही नाही हो. गेला तो," काका म्हणाले. "पोस्टमार्टेम दाखवलं नाही."

त्यानंतरचे मी नीट पाहिले असे म्हणता येणार नाही. शेवटी गणपती विसर्जनाच्या गर्दीत सत्या भाऊला गाठतो तेव्हा सगळे लोक त्या सुऱ्याकडे पाहत होते आणि काका मूर्तीभोवतीच्या गर्दीकडे. चौपाटीवर त्यांनी नऊ अनंत चतुर्दश्यांचा बंदोबस्त केला होता. वाळूत भिजलेले बूट चोवीस तास काढायचे नसतात, कारण एकदा काढले की सुजलेला पाय पुन्हा आत जात नाही, असे त्यांनी मला सांगितले आणि तेवढ्या वेळात सत्या विद्याच्या दाराशी पोहोचून मेलासुद्धा. मला काकांची दया आली असती, पण मी रजा टाकून आलो होतो.

बाहेर टेबलापाशी बिल्ला देऊन डबा घेतला. काका सोबतच होते; आता ते मला सोडत नव्हते. डबा हलका लागला म्हणून मी तेथेच उघडून मोजले. नऊ निघाले.

"बारा होते," मी त्या मुलाला म्हणालो. तो खांदे उडवून पुढच्या रांगेकडे वळला.

"जप्त केले तेव्हा मोजले होते?" काकांनी मला विचारले.

"नाही."

"सील?"

"नाही."

"दोन पंच?"

"नाही हो."

"मग बारा होते हे कशावरून?" असे म्हणत त्यांनी डब्यात हात घातला, एक लाडू उचलला, यावेळी नीट दाताखाली धरून टचकन फोडला आणि सरकत्या जिन्याकडे निघताना वळून म्हणाले, "तिळगूळ घ्या, गोड बोला."

हे देणाऱ्याने म्हणायचे असते.