इस्ट्रोजेनच्या सुईने गाठ वाढते का?

स्तनाच्या कर्करोगाविषयी सध्या मोबाइलवर फिरणाऱ्या एका संदेशात तीन विधाने एका दमात केली जातात. इस्ट्रोजेनवर पोसणाऱ्या गाठीच्या तपासणीसाठी किरणोत्सारी इस्ट्रोजेनच टोचतात आणि त्यामुळे गाठ वाढते, हे पहिले. तो किरणोत्सार शरीरात वर्षानुवर्षे राहतो, हे दुसरे. स्कॅन कोरा आला, म्हणजे गाठ त्यात उजळली नाही, की संप्रेरकरोधक औषध निरुपयोगी ठरते, हे तिसरे. यांतील पहिली दोन चुकीची आहेत आणि तिसरे अर्धवट आहे.

हा संदेश ज्या द्रव्याविषयी आहे ते फ्लोरोइस्ट्राडिओल, म्हणजे एफईएस. इलिनॉय विद्यापीठातील जॉन कॅटझेनेलेनबोगन आणि सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील मायकेल वेल्च यांच्या गटांनी ते 1980 च्या दशकात तयार केले, रुग्णांची पहिली चित्रे 1988 मध्ये प्रसिद्ध झाली आणि अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने त्याला 2020 मध्ये मान्यता दिली. इस्ट्राडिओलच्या सोळाव्या कार्बनवर फ्लोरिन-18 हा किरणोत्सारी अणू बसवलेला हा रेणू मूळ संप्रेरकासारखाच गाठीतील रिसेप्टरला, म्हणजे संप्रेरक पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटतो, इथवर संदेश बरोबर आहे. त्याने मात्रेचा विचार मात्र केलेला नाही. एका तपासणीत हे द्रव्य साधारणतः 5 मायक्रोग्रॅमच्या आत असते, आणि रजोनिवृत्तीपूर्वी अंडाशये रोज याच्या कित्येक पट इस्ट्राडिओल बनवतात. शिवाय मात्रा कमी ठेवणे ही केवळ सावधगिरी नसून या तंत्राची अटच आहे, कारण रिसेप्टर मर्यादित असतात आणि किरणोत्सारी नसलेले रेणू जास्त गेले तर तेच जागा अडवून बसतात व चित्र उमटतच नाही. गाठ पोसण्याइतके संप्रेरक टोचले, तर स्कॅनच वाया जाईल!

याच्याशी संबंधित एक प्रयोग 2021 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात तर रुग्णांना एक दिवस मुद्दाम इस्ट्राडिओल देण्यात आले. त्याआधी व नंतर इस्ट्रोजेनच्या प्रभावाने वाढणारा प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाचा रिसेप्टर दाखवणाऱ्या एफएफएनपी या दुसऱ्या ट्रेसरने (स्कॅनसाठी टोचायच्या किरणोत्सारी द्रव्याने) स्कॅन केले गेले. ज्या 28 जणींच्या गाठीत त्याचे शोषण वाढले त्या सर्वांना पुढील संप्रेरक-उपचारांचा, म्हणजे संप्रेरकरोधक औषधांचा, लाभ झाला. उरलेल्या 15 जणींपैकी कोणालाही झाला नाही.

दुसऱ्या मुद्द्याला फार शब्द लागत नाहीत. फ्लोरिन-18 चे अर्धायुष्य सुमारे 110 मिनिटांचे असल्याने चोवीस तासांनी मूळ किरणोत्साराचा आठ हजारावा भागही उरत नाही. नेहमीच्या मात्रेतून शरीराला सुमारे 5 मिलिसीव्हर्ट (शरीराला मिळणारा किरणोत्सार मोजण्याचे एकक) मिळतात, म्हणजे निसर्गातून साधारण दोन वर्षांत मिळतात तेवढे. सोबत होणाऱ्या सीटी स्कॅनमधील क्ष-किरणांचा हिशेब वेगळा.

तिसऱ्या विधानात तथ्याचा अंश आहे. पसरलेल्या गाठींत एफईएस अजिबात दिसले नाही, तर संप्रेरक-उपचार लागू पडण्याची शक्यता खरोखरच कमी असते. पण कोऱ्या स्कॅनची इतरही कारणे असतात. टॅमॉक्सिफेन आणि फुल्वेस्ट्रंट ही संप्रेरकरोधक औषधे रिसेप्टर अडवतात व त्यांचा परिणाम औषध थांबवल्यानंतरही अनुक्रमे 8 आणि 28 आठवड्यांपर्यंत राहू शकतो, म्हणून स्कॅन ही औषधे सुरू होण्यापूर्वी करायचा असतो. एफईएसचे विघटन यकृतात होत असल्याने यकृत आधीच उजळलेले दिसते आणि तिथल्या गाठी त्यात हरवतात. म्हणूनच एफडीएच्या मान्यतेच्या मजकुरात हा स्कॅन बायोप्सीला पूरक म्हटला आहे, तिचा पर्याय नव्हे.